पाव चमचा सोडा

"बाबा, पाव चमचा म्हणजे पाव खायचा चमचा?"

ओट्याला स्टूल लावून त्यावर उभी राहिलेली माझी पाच वर्षांची लेक विचारत होती. खायचा पाव पोर्तुगीजांकडून मराठीत आला आणि चतुर्थांशाचा पाव संस्कृतातल्या 'पाद'वरून, हे तिला सांगून उपयोग नव्हता. मी एक सपाट चमचा खाण्याचा सोडा ताटलीत पसरला, सुरीने एक उभी रेघ मारली, एक आडवी. चार सारखे ढीग झाले. "यातला एक म्हणजे पाव." तिने बोटाने एक ढीग पिठात लोटला. मी गॅस पेटवायला वळलो तेवढ्यात उरलेले तीनही गेले. एकाला एकट्याला कशाला पाठवायचं, असं तिचं म्हणणं होतं.

आमची नानकटाई चालली होती. माझ्या लहानपणी मे महिन्यात आई रवा, मैदा, तूप, साखर मोजून डब्यात भरायची आणि बाबा तो डबा बेकरीत नेऊन द्यायचे. संध्याकाळी गरम नानकटाई घेऊन यायचे. मधलं सगळं भट्टीवाल्याच्या हातात. ते मधलंच खरं तर मुलांनी बघण्यासारखं असतं.

तूप आणि पिठीसाखर फेसायला मी लेकीलाच दिली. पिवळसर तूप दहा मिनिटांत पांढरं, हलकं झालं. "बाबा, ते फुगलं!" बरोबर होतं. फेसताना साखरेच्या कणांमुळे तुपात हवेचे अगणित बारीक बुडबुडे अडकतात. पुढे भट्टीत सोड्यातून सुटणारा वायू याच बुडबुड्यांत शिरतो आणि त्यांना मोठं करतो. फेसण्यात आळस केला तर सोडा कितीही चांगला असो, नानकटाई दडस होते.

मग मैदा. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून ग्लुटेनची लवचीक जाळी तयार होते. पोळी ताणली जाते ती या जाळीमुळे. नानकटाईत पाणी जवळजवळ नसतंच, आणि तूप पिठाच्या कणांवर चढून जाळी विणूच देत नाही, म्हणून ती तोंडात विरघळते. शंकरपाळ्यांना मोहन घालतात तेही याचसाठी. लेकीला मी दोन गोळे दिले, एक पोळीच्या कणकेचा, एक नानकटाईचा, आणि म्हटलं, ओढून बघ. एक लांबत गेला, दुसरा भुगा होऊन पडला. हे तिने कुणालाही न विचारता सांगितलं असतं, इतकं तिच्या बोटांना कळलं होतं.

त्याच गोळ्यांनी आणखी एक गंमत दाखवली. दोन सारखे गोळे केले, तिच्याकडून "सारखेच आहेत" असं कबूल करून घेतलं आणि तिच्या डोळ्यांदेखत एक चपटा केला. "आता कुठे जास्त पीठ आहे?" तिने चपट्यावर बोट ठेवलं. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मातीचे गोळे घेऊन मुलांना हाच प्रश्न विचारला होता. आकार बदलला तरी ऐवज तेवढाच राहतो, ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास पक्की होते. तिचं चुकलं असं मी म्हटलं नाही. चपट्याचा पुन्हा गोळा करून तिच्या हातात दिला, इतकंच.

बापांना हे इतकंच जड जातं, असं मला वाटतं. मूल सांडतं, वेळ लावतं, आणि आपला हात आपसूक पुढे जातो. १९७६ साली डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला मदत कशी करावी, याचा अभ्यास केला. त्यांनी या मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. मूल अडलं की आधार द्यायचा, जमू लागलं की काढून घ्यायचा. परांची इमारत उभी होईपर्यंतच. तापलेलं भांडं माझं, फेसणं, मोजणं, वळणं तिचं, अशी आमची वाटणी होती.

भट्टी म्हणजे जाड बुडाचं पातेलं, तळाशी मिठाचा थर, वर जाळी आणि घट्ट झाकण. मीठ आच धरून ठेवतं आणि सगळीकडे सारखी पसरवतं. इडलीपात्रात पाणी असतं, त्यामुळे तापमान १०० अंशांच्या आसपासच थांबतं आणि इडली पांढरी राहते. कोरड्या पातेल्यात ते दीडशेच्या पुढे जातं. साधारण १४० अंशांपासून पिठातली प्रथिनं आणि शर्करा यांच्यात झपाट्याने प्रक्रिया होऊन तांबूस रंग आणि तो घरभर पसरणारा वास तयार होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय माय्यार याने १९१२ मध्ये हिचं वर्णन केलं.

आमची नानकटाई मात्र पसरली, काळपट झाली आणि तिला साबणासारखी चव आली. तापल्यावर खाण्याच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघून जाते, मागे धुण्याचा सोडा उरतो. पाव चमच्यात तो जाणवत नाही, चौपट झाला की जिभेला लागतोच. शिवाय सोड्याच्या अल्कधर्मी गुणामुळे रंग येण्याची ती प्रक्रिया वेगाने होते, म्हणून काळपटपणा.

बाप मुलांत असा गुंतला की त्याच्या शरीरातही फरक पडतो, हे अलीकडे नीट मोजलं गेलं आहे. फिलिपिन्समधल्या सेबू इथल्या ६२४ तरुणांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांच्या अंतराने मोजलं तेव्हा, मधल्या काळात बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन इतरांपेक्षा बरंच उतरलेलं होतं. बापांमध्येही रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलांचं करणाऱ्यांमध्ये ते सर्वांत कमी होतं. इस्राएलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटाला तान्ह्या बाळांच्या आईबापांत दिसलं की माया करणाऱ्या स्पर्शाने आईचं ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेलं हार्मोन वाढतं, तर बाळाला खेळवणाऱ्या, उचलून हलवणाऱ्या बापाचंही वाढतं. "पुरुषांना मुलांचं करणं उपजत येत नसतं" हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. मला ते कधीच पटलं नाही, आणि हे आकडे वाचल्यावर तर मुळीच नाही. मुलाजवळ घालवलेले तास बापाच्या रक्तातही उमटतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ताटली, पुन्हा चार ढीग. या वेळी लेकीने एक ढीग पिठात लोटला आणि उरलेल्या तिघांवर वाटी पालथी घातली. नानकटाई फिकट बदामी, वर बारीक तडे गेलेली झाली. कालची एक आणि आजची एक बशीत ठेवून ती आजीकडे गेली, "डोळे मिट आणि सांग, कशात जास्त सोडा आहे?"