धुळीच्या स्फोटाचा धोका असलेला कारखाना: नकाशा मंजुरी आणि परवान्याची फाइल कुठे अडकते

पिठाची गिरणी, साखर, स्टार्च, मसाला, लाकडाचा भुसा, औषधाची पावडर, ॲल्युमिनियमचं बफिंग यांपैकी काही तुमच्याकडे असेल, तर नकाशा मंजुरीचा अर्ज भरण्याआधी हे वाचा. अर्ज औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे ऑनलाइन जातो आणि तो भरणं अवघड नाही. जागेचा उतारा किंवा एमआयडीसीचं वाटपपत्र, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अग्निशमनाचा ना-हरकत दाखला, यंत्रांची यादी, प्रक्रियेचा फ्लो चार्ट, फी, सगळं तासाभरात अपलोड होतं. फाइल परत येते ती धुळीपाशी, आणि बहुतेक वेळा त्याच चार-पाच कारणांनी.

आधी कायद्याचं थोडक्यात. १९४८चा कारखाने अधिनियम आता २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेत सामावला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. संहितेला छेद देत नाहीत ते जुने नियम नवे येईपर्यंत चालू राहतात, म्हणून फॉर्म कुठल्या तरी जुन्या फाइलमधून उचलू नका, त्या दिवशी पोर्टलवर असेल तोच घ्या. धुळीबद्दल काय अपेक्षा आहे ते मात्र जुन्या कलम ३७ मध्ये इतकं स्वच्छ लिहिलं आहे की अर्जदारानं ते एकदा शांतपणे वाचावंच. यंत्र बंदिस्त करा, धूळ साचू देऊ नका आणि साचलेली काढा, पेट घेण्याची कारणं दूर ठेवा. आणि स्फोटाचा दाब यंत्राला पेलणार नसेल, तर तो पसरू नये म्हणून चोक आणि बॅफल (स्फोट पुढे जाऊ न देणारे अडथळे) आणि व्हेंट (दाब बाहेर सोडणारं तोंड) बसवा.

आता पहिला गैरसमज: "आम्ही छोटे आहोत, आम्हाला लागत नाही." वीज वापरून काम होत असेल तर महाराष्ट्रात कारखान्याची मर्यादा २० कामगार आहे. पण हा आकडा मस्टरवरच्या कायम माणसांचा नाही. ठेकेदाराची माणसं, हंगामी मजूर, पॅकिंगच्या बायका, सगळे धरायचे. आणि मागच्या १२ महिन्यांत एका दिवशी जरी संख्या २० झाली असेल, तरी पुरे. सीझनमध्ये ३२ आणि एरवी ११ माणसं असणारा मसाल्याचा कारखाना हा कारखानाच.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: "आमची प्रक्रिया धोकादायक यादीत नाही." ती यादी म्हणजे जुन्या अधिनियमाची पहिली अनुसूची. तिच्यात धातूचं ग्राइंडिंग आहे, औषधनिर्मिती आहे. पिठाची गिरणी नाही, साखर नाही, हळद नाही. म्हणून लोक फॉर्ममध्ये "धोकादायक प्रक्रिया: नाही" असं लिहितात आणि धुळीचा रकाना रिकामा ठेवतात. पण कलम ३७ त्या यादीवर अवलंबून नाही. धूळ पेटल्यावर स्फोट होण्यासारखी आहे का, एवढंच ते विचारतं. सांगलीकडच्या एका कारखानदारांनी मला अगदी सरळ मनानं विचारलं होतं, "साहेब, हळद कधी फुटते होय?" फुटते. हळद, मिरची, साखर, मैदा, दूध पावडर हे सगळं जळणारं आहे, आणि बारीक होऊन हवेत उडालं की हवेतला ऑक्सिजन त्याला चहूबाजूंनी मिळतो. बंद जागेत अशा ढगाला ठिणगी मिळाली की दाब क्षणात वाढतो.

हे फक्त पुस्तकातलं नाही. अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ला १४ माणसं गेली, ती साखरेच्या धुळीनं. चीनमध्ये कुनशानला २ ऑगस्ट २०१४ला चाकांच्या पॉलिशिंगमधली ॲल्युमिनियमची धूळ फुटली, १४६ गेले. आपल्याकडे ११ एप्रिल २०२५ला नागपूर जिल्ह्यात उमरेड एमआयडीसीत ॲल्युमिनियम पावडरच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार दगावले. अर्ज तपासणारा अधिकारी धुळीपाशी थांबतो, त्याला अशी कारणं आहेत. त्याच्यावर चिडून उपयोग नाही.

तरी एक गोष्ट खटकते आणि ती बोललीच पाहिजे. कागदांच्या यादीत "तुमच्या धुळीचा चाचणी अहवाल" अशी स्वतंत्र ओळ नसते. अर्जदार यादी बघून सगळं जोडतो, मग त्रुटी निघते: "धूळ स्फोटाबाबत केलेल्या उपाययोजनांचा तांत्रिक तपशील सादर करावा." आता अहवालाशिवाय हा तपशील आणायचा कुठून? हीच ओळ पहिल्या दिवशी यादीत छापली असती, तर कित्येकांचे महिने वाचले असते. ती छापली जाईपर्यंत यादीत नसला तरी हा कागद लागणारच असं धरून चला.

लोक इथे पुरवठादाराचं सुरक्षा माहितीपत्रक जोडतात. त्यात "धूळ हवेत मिसळल्यास स्फोटक मिश्रण होऊ शकते" असं एक वाक्य असतं, आकडा एकही नसतो. शिवाय ते पोत्यातल्या मालाबद्दल असतं, तुमच्या बॅग फिल्टरमधल्या, म्हणजे हवेतली धूळ कापडी पिशव्यांत गाळून धरणाऱ्या यंत्रातल्या, धुळीबद्दल नव्हे. दळल्यानंतर, वाळल्यानंतर, चाळल्यानंतर जी धूळ वर उडते ती मूळ मालापेक्षा कितीतरी बारीक आणि कोरडी असते, म्हणजेच जास्त धोक्याची. शेजारच्या कारखान्याचा अहवाल नाव बदलून जोडणारेही पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. त्या आकड्यांवर तुमच्या व्हेंटचं क्षेत्रफळ ठरतं, आणि त्या व्हेंटजवळ तुमचीच माणसं उभी असतात.

नमुना घ्यायचा तो बॅग फिल्टरच्या हॉपरमधून (धूळ जमा होते त्या खालच्या नरसाळ्यातून) आणि वरच्या गर्डरवरून. जमिनीवरचा केर गोळा करून पाठवू नका. हवाबंद भरा, ओल लागू देऊ नका. प्रयोगशाळेकडे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का, आणि ती नेमकी याच चाचण्यांसाठी आहे का, हे आधी विचारा. अहवालात निदान पाच गोष्टी हव्यात: स्फोटाचा कमाल दाब; दाब वाढण्याचा वेग, ज्याला केएसटी म्हणतात; ढग पेटायला लागणारी किमान ऊर्जा; ढग पेटण्याचं तापमान; आणि साचलेला थर पेटण्याचं तापमान. स्फोटाच्या जोरावरून धुळीचे वर्ग पडतात: केएसटी २०० पर्यंत असेल तर एसटी-१, २०० ते ३०० एसटी-२, त्यावर एसटी-३. एसटी-१ वाचून निर्धास्त होऊ नका. साखर सहसा एसटी-१ मध्येच येते.

अहवाल हातात आल्यावरच नकाशा काढा. इथे क्रम उलटा होतो आणि मग सगळं दोनदा करावं लागतं. आर्किटेक्ट बॅग फिल्टर शेडच्या मधोमध दाखवतो, कारण पाइप कमी लागतो. मग व्हेंट उघडणार कुठे? आत, कामगारांच्या अंगावर. फिल्टर शक्यतो इमारतीबाहेर हवा, व्हेंटचं तोंड रस्ता, जिना, कँटीन यांच्याकडे नको, आणि व्हेंटपुढची मोकळी जागा नकाशात रेघ मारून दाखवलेली हवी. व्हेंटच्या क्षेत्रफळाचं गणित सोबत जोडा, कुठल्या मानकानं केलं तेही लिहा. युरोपचं ईएन १४४९१ किंवा अमेरिकेचं एनएफपीए ६८ चालतं. फिल्टर आणि यंत्र यांच्यामध्ये रोटरी व्हॉल्व्ह किंवा फ्लॅप नसेल, तर फिल्टरमधली आग पाइपातून परत शेडमध्ये येते. तो व्हॉल्व्ह नकाशात नसणं हे फाइल परत येण्याचं मोठं कारण आहे.

"यंत्र बंदिस्त करा" हे वाचून काही जण सगळं पत्र्यानं झाकतात आणि नकाशावर लिहितात, "पूर्ण बंदिस्त". पोर्ट वेंटवर्थमध्ये नेमकं हेच झालं होतं. सायलोखालचा कन्व्हेयर पत्र्यांनी झाकला, पण आतली धूळ ओढून घ्यायची सोय केली नाही, व्हेंटही ठेवला नाही. आत ढग तयार झाला आणि बहुधा तापलेल्या बेअरिंगनं तो पेटला. त्या पहिल्या धक्क्यानं इमारतभर साचलेली धूळ उडाली आणि मजल्यामागून मजले पेटत गेले. झाकण दाखवाल तिथे धूळ ओढणारा पाइपही दाखवा.

साचलेल्या धुळीचा अंदाज डोळ्यांनी घेता येतो. शिडी लावून केबल ट्रेवर आणि गर्डरवर बोट फिरवा. पेपर क्लिपच्या तारेइतका, म्हणजे जेमतेम ०.८ मिलिमीटर थर मोठ्या भागावर असेल, तर तो काढायलाच हवा. खालची फरशी आरशासारखी आणि वर बोटभर हळद, असे कारखाने पुष्कळ आहेत. अर्जासोबत साफसफाईचं वेळापत्रक द्याल त्यात वरच्या जागा नावानिशी लिहा आणि "कॉम्प्रेस्ड एअरनं साफ करणे" ही ओळ काढून टाका. हवेच्या झोतानं तुम्ही स्वतःच ढग तयार करता. धुळीसाठी बनवलेला, अर्थिंग केलेला व्हॅक्यूम लागतो.

विजेच्या सामानाचा कागद तर जवळपास प्रत्येकाचा चुकतो. मोटर "फ्लेमप्रूफ" आहे, पेसोचं (स्फोटकं आणि पेट्रोलियम सुरक्षेची केंद्रीय संस्था) मान्यतापत्र आहे, तरी त्रुटी निघते आणि मालक हताश होतो. पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, मान्यताही खरी असते. पण ती पेट्रोलियम नियमांखालची, म्हणजे वायू आणि बाष्पासाठीची. मोटरची पाटी वाचा. "एक्स डी, गट टू" म्हणजे वायू. धुळीसाठी "एक्स टी" आणि "गट थ्री" लागतं: थ्री-ए तंतू आणि भुशासाठी, थ्री-बी वीज न वाहणाऱ्या धुळीसाठी, थ्री-सी धातूसारख्या वीज वाहणाऱ्या धुळीसाठी. त्यासोबत झोन २०, २१, २२ (धुळीचा ढग किती वेळा असतो त्यावरून पाडलेले भाग) दाखवणारा नकाशा हवा, आयएस/आयईसी ६००७९-१०-२ प्रमाणे काढलेला. पृष्ठभागाचं तापमानही जुळायला हवं. ढग ४५० अंशांवर पेटत असेल तर त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे ३००. पाच मिलिमीटरचा थर ३४० वर पेटत असेल तर त्यातून ७५ वजा, म्हणजे २६५. यातला लहान आकडा, २६५, ही तुमच्या सामानाची मर्यादा. हे गणित अर्ध्या पानावर लिहून जोडलं की तपासणाऱ्याला प्रश्न उरत नाही.

सह्यांचं सांगतो. कंपनी असेल तर भोगवटादार (कारखान्यावर अंतिम ताबा असलेली व्यक्ती) म्हणून संचालकाचीच सही लागते, भागीदारी असेल तर भागीदाराची. फॅक्टरी मॅनेजर कितीही जुना असो, त्याची सही चालत नाही. सक्षम व्यक्तीचं (तपासणीसाठी सरकारी मान्यता असलेल्या तज्ज्ञाचं) प्रमाणपत्र घेताना तिची मान्यता कशासाठी आहे आणि कधीपर्यंत आहे हे तिच्याच पत्रात वाचा. लिफ्ट तपासायची मान्यता असलेल्या माणसाची सही इमारतीच्या स्थिरता प्रमाणपत्रावर चालत नाही.

मुदतीबद्दल सगळ्यात जास्त मनस्ताप होतो. "ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर मंजुरी गृहीत" हे वाक्य ऐकून लोक अर्ज अपलोड केल्या दिवसापासून दिवस मोजतात आणि बांधकाम सुरू करतात. जुन्या अधिनियमात ही मुदत तीन महिने होती, पण ती नियमानं लागणारे सर्व नकाशे आणि तपशील सोबत असलेल्या अर्जासाठी होती. अर्धवट अर्ज अपलोड केला आणि मध्ये त्रुटी निघाली, तर तुमची मोजणी धरता येत नाही. गृहीत मंजुरीच्या भरवशावर एकही वीट रचू नका. आणि नकाशा मंजूर झाला म्हणजे यंत्र चालू करता येतं असंही नाही. परवाना वेगळा, आणि जागा वापरात घेण्याची सूचना द्यायची ती वेगळी; जुन्या अधिनियमात ती १५ दिवस आधी द्यावी लागे. चाचणी उत्पादन, ट्रायल बॅच, हेही उत्पादनच आहे.

ज्यांचा परवाना आहे त्यांनीही थांबून बघावं. नवा पल्वरायझर बसवला, बॅग फिल्टर हलवला, शेड वाढवली, मालाचा बारीकपणा बदलला, तर सुधारित नकाशा द्यावा लागतो आणि धुळीची चाचणी पुन्हा करून घ्यावी लागते. ते बसवताना वेल्डिंग आलंच. जुना हॉपर, डक्ट, सायलो कापायचा असेल तर आधी पूर्ण रिकामा करा, आतून साफ करा, शेजारची यंत्रं बंद करा, आणि लेखी परमिटवर सही करणाऱ्यानं स्वतः आत डोकावून पाहिल्यावरच ठिणगी पडू द्या. ॲल्युमिनियमची धूळ पेटली तर पाणी मारायचं नाही, हे वेल्डरला आणि रात्रपाळीच्या वॉचमनलाही मराठीत, हिंदीत, त्याला कळेल त्या भाषेत सांगून ठेवा.