ताटली उलटी करून वय कळत नाही

मागच्या आठवड्यात एका मित्राने व्हॉट्सॲपवर ताटलीचा फोटो टाकला, म्हणजे ताटलीचा नाही, ताटलीच्या बुडाचा. निळ्या रंगात सहा चिनी अक्षरं, आणि मोबाईलमधल्या ॲपने लावलेला अर्थ: महान मिंग घराणं, छंगहुआच्या काळात बनवलेलं. छंगहुआ बादशहा म्हणजे १४६५ ते १४८७. त्याच काळातला कोंबडा-कोंबडीचं चित्र असलेला एक चिमुकला कप २०१४ साली हाँगकाँगच्या लिलावात २८ कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेला होता (घेणाऱ्याने त्यातून चहा पिऊन फोटोही काढला, ही थाप नाही), आणि हे आमच्या मित्राने नेमकं वाचलेलं. पठ्ठ्या नोकरी सोडायच्या बेतात होता.

त्याला म्हटलं, थांब. बुडावरचं नाव हा सगळ्यात कच्चा पुरावा.

चीनमधे पोर्सेलिनचं, म्हणजे चिनी मातीच्या पांढऱ्या भांड्यांचं गाव म्हणजे जिंगदेझेन. केओलिन (पोर्सेलिनला लागणारी पांढरी माती) हा शब्दसुद्धा तिथल्याच जवळच्या गाओलिंग नावाच्या ठिकाणावरून आलाय. तिथले कुंभार जुन्या बादशहांची नावं नव्या भांड्यांवर सर्रास घालायचे, आणि दरवेळी फसवायलाच असं नाही, जुन्या कामाला मान म्हणूनही. १६७७ मधे तर तिथल्या अधिकाऱ्याने चालू बादशहाचं, म्हणजे कांगशीचं नाव भांड्यांवर घालायला बंदी केली, भांडं फुटलं तर नावाचा अपमान म्हणून. मग लोकांनी काय करावं? कोणी नुसतं दुहेरी वर्तुळ काढून आत रिकामं ठेवलं, कोणी एखादं पान काढलं आणि कोणी सरळ दोनशे वर्षांपूर्वीच्या छंगहुआचं नाव लिहून मोकळे झाले. पुढे एकोणिसाव्या शतकात भांड्यांवर कांगशीचं नाव यायला लागलं, ती वेगळीच गंमत. म्हणजे अक्षरं वाचता आली तरी वय कळेलच असं नाही.

मग जाणकार बघतात काय? आधी बुडाची कड, जिथे ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर, लावलेलं नसतं. तिथे बऱ्याचदा नारिंगी झाक दिसते, कारण भट्टी थंड होताना हवा आत शिरते आणि मातीतल्या लोखंडाला गंज चढल्यासारखं होतं. मग निळा रंग. हा कोबाल्ट, युआन (मिंगच्या आधीचं घराणं) आणि सुरुवातीच्या मिंग काळात इराणकडून आलेला, त्यात लोखंड जास्त आणि मँगनीज कमी, त्यामुळे रेघ जिथे जाड तिथे काळसर ठिपके ग्लेझमधे रुतून बसतात. चीनमधल्या खाणींतल्या कोबाल्टमधे उलट, मँगनीज भरपूर. एक्सआरएफच्या, म्हणजे एक्सरे टाकून कुठली मूलद्रव्यं आहेत ते ओळखणाऱ्या पिस्तुलासारख्या यंत्राने हे भांड्याला ओरखडाही न काढता मोजता येतं. अठराव्या शतकात ज्यांनी सुरुवातीच्या मिंगच्या नकला केल्या त्यांनी हे काळे ठिपके ब्रशने एकेक टिंब देऊन बसवले, आणि भिंगातून बघितलं की ते फार नीटनेटके दिसतात. खरे ठिपके असे शिस्तीत बसत नाहीत.

पण माझा जीव जडलाय तो थर्मोल्युमिनेसन्सवर, म्हणजे माती तापवून निघणाऱ्या उजेडावरून वय काढायच्या पद्धतीवर. थोडक्यात टीएल म्हणू.

आपल्याकडचे रस्त्यावरचे खड्डे डोळ्यासमोर आणा. मातीत क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचे बारीक कण असतात, आणि त्यांच्या स्फटिकात असे खड्डे असतात, अणू जागेवर नाही किंवा भलताच अणू येऊन बसलाय अशा जागा. पाऊस म्हणजे किरणोत्सर्ग. मातीत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम अगदी किंचित असतंच (तुमच्या घराच्या विटेतही आहे, घाबरू नका), त्यांच्या किरणांनी इलेक्ट्रॉन उडतात आणि काही ह्या खड्ड्यांत पडून अडकतात. रोज थोडे, वर्षानुवर्षं. आता भट्टी. तेराशे अंशांच्या आसपास भाजलं की सगळे खड्डे कोरडे, हिशोब शून्य. भट्टीतून बाहेर आल्यापासून परत पाऊस सुरू. म्हणजे आज खड्ड्यांत किती पाणी साचलंय आणि वर्षाला किती पाऊस पडतो हे मोजलं, भागाकार केला, की शेवटच्या भट्टीपासून किती वर्षं गेली ते निघतं. मोजायचं कसं, तर कण पाचशे अंशांपर्यंत तापवायचा, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि सुटताना उजेड देतात. डोळ्याला दिसणार नाही इतका मंद, पण फोटोमल्टिप्लायर नावाचं यंत्र तो टिपतं.

किरणांचा डोस ग्रे ह्या एककात मोजतात. समजा भांड्याला वर्षाला ४ मिलिग्रे मिळतात, तर ६०० वर्षांत २.४ ग्रे. विमानतळावरचा बॅगेचा साधा एक्सरे ह्यापुढे काहीच नाही, तेव्हा त्याने वय बदलत नाही.

पोर्सेलिनमधे मात्र घोळ आहे. एवढ्या उष्णतेत बराचसा क्वार्ट्झ वितळून काचेत गेलेला असतो आणि उरलेले कण वेगळे काढता येत नाहीत. म्हणून बुडाला ३ मिलिमीटरचं भोक पाडून माती काढतात आणि तिच्या चकत्या कापतात. मग प्री-डोस नावाची पद्धत: क्वार्ट्झचा ११० अंशांवर रिकामा होणारा एक खड्डा आहे, तो साध्या खोलीतच काही तासांत आटतो, म्हणजे त्यात जुनं काहीच शिल्लक नसतं, पण चकतीला किरणांचा छोटा टेस्ट डोस दिला, उजेड मोजला, मग पाचशेपर्यंत तापवून परत तोच डोस दिला तर दुसऱ्या वेळी उजेड जास्त येतो, आणि हा किती वाढला ते मधल्या शतकांत एकूण किती किरण खाल्ले त्यावर ठरतं. (हे वाक्य दोनदा वाचायला लागलं तर तुमची चूक नाही, मी चारदा वाचलेलं.) उत्तर काटेकोर येत नाही, पण पाचशे वर्षं की पन्नास, एवढं सांगतं.

आणि ह्यालाही फसवणारे आहेतच. २.४ ग्रे म्हणजे किती, तर कॅन्सरच्या रेडिओथेरपीत एका बैठकीला साधारण २ ग्रे देतात. म्हणजे नव्या भांड्याला योग्य मशीनखाली काही मिनिटं ठेवलं की ते सहाशे वर्षांचं होतं! शिवाय जुन्या फुटक्या भांड्याचं बूड नव्या अंगाला जोडायचं आणि नमुना बुडातूनच घ्यायला सांगायचा, हाही प्रकार चालतो. उलटही होतं, जुन्या पांढऱ्या भांड्यावर आज रंगीत एनॅमल चढवून पुन्हा भाजलं तर हिशोब परत शून्य. माती खोटं बोलत नाही, पण ती फक्त शेवटच्या भट्टीचं सांगते.

त्यामुळे "मोबाईलचा टॉर्च मागून लावा, उजेड आरपार दिसला की अस्सल" वगैरे व्हिडिओ बघितले की डोकं फिरतं. आरपार दिसतं म्हणजे पोर्सेलिन आहे, एवढंच. कालच्या कारखान्यातलंही दिसेल. ह्याचा पूर्वज म्हणजे मुघलांच्या काळातला समज, की सेलाडॉनच्या, म्हणजे हिरवट ग्लेझच्या चिनी ताटात विषारी जेवण वाढलं तर ताट तडकतं. ग्लेझ म्हणजे काच हो! सोमल टाका नाहीतर साखर, तिला काही पडलेली नाही. तडकलंच तर गरम रश्श्याने तडकेल.

शेवटी मित्राच्या घरी गेलो. टीएल करायची का म्हणून विचारत होता, पण टेस्टचा खर्च आणि ताटलीला भोक. त्याआधी खिशातलं दहापट भिंग काढून बुडावरच्या अक्षरांवर धरलं. निळी रेघ कुठेच नव्हती. नुसते एकसारखे बारीक ठिपके, ओळीत, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. छापलेलं होतं. त्याला भिंग दिलं, त्याने बराच वेळ बघितलं, मग काही न बोलता आत गेला आणि आजीची लोणच्याची बरणी घेऊन आला.

"हिच्याखाली काहीच लिहिलेलं नाहीये," तो म्हणाला, "म्हणजे जुनी असेल ना?"