कुणाच्या अंड्यात, कुणाच्या अळीत: परोपजीवी गांधीलमाश्यांच्या यजमानांची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ-हातकणंगल्याकडं उन्हाळ्यात सुरू हंगामातल्या उसाचा पोंगा वाळलेला दिसतो. धरून ओढला की अलगद हातात येतो आणि बुडाला कुजका वास मारतो. ही खोडकिड्याची खूण. त्यावर उपाय म्हणून ट्रायकोकार्ड, म्हणजे अंडी चिकटवलेला कागद, आणायचं, पट्ट्या कापायच्या आणि पानांच्या खालच्या बाजूला टाचायच्या. कार्डावर चिकटवलेली अंडी खोडकिड्याची नसतात, ती साठवलेल्या तांदळात होणाऱ्या कोर्सायरा पतंगाची असतात. त्यांत वाढलेली ट्रायकोग्रामा ही इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी बाहेर पडते आणि उसावर खोडकिड्याची अंडी शोधते. जन्म एका घरी, संसार दुसऱ्या घरी. मग शेतकरी विचारतोच, ‘ही उद्या आणखी कशाकशावर जाईल?’

कीटकशास्त्रात अशा माशीची पिल्लं ज्याच्यावर पोसतात त्याला यजमान म्हणतात. आपल्याकडं यजमान पंगत वाढतो, इथं तोच ताटात असतो! उवा-गोचिडी यजमानाला सहसा मारत नाहीत, या माश्या शेवटी मारतातच. म्हणून रॉयटर या शास्त्रज्ञानं १९१३ मध्ये त्यांच्यासाठी ‘पॅरासिटॉइड’ हा वेगळा शब्द काढला. धंदा मात्र फार जुना. गांधीलमाश्यांच्या कुळात तो सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला असावा, बहुधा लाकूड पोखरणाऱ्या अळ्यांवर. तिथून पुढं नवा यजमान दर वेळी जुन्याचा भाऊबंदच निघाला असं नाही. पुष्कळदा तो नुसता शेजारी होता, त्याच खोडात किंवा त्याच पानात राहणारा.

कुणाच्या यजमानांची यादी लांब आणि कुणाची आखूड, याचा उलगडा १९८६ मध्ये ॲस्क्यू आणि शॉ या कीटकशास्त्रज्ञांच्या मांडणीनं बराच झाला. यजमानाची वाढ तिथंच थांबवून खाणाऱ्या माश्यांना निवड जास्त, कारण समोरचा लढत नाही. जिवंत, खात्यापित्या अळीच्या पोटात पिल्लं वाढवणाऱ्यांना मात्र तिच्या रक्तपेशींशी झुंजावं लागतं. त्या पेशी परक्या अंड्याभोवती गोळा होऊन त्याला गुदमरवून मारतात. दर यजमानाची ही झुंज निराळी, म्हणून यादी आखूड.

ट्रायकोग्रामा अंड्यातच गाठते आणि ताज्या अंड्याचा प्रतिकार जेमतेम असतो. भिंगाखाली कार्ड धरलं तर दिसतं की अर्ध्या मिलिमीटरची ही मादी अंड्यावर मिशा आपटत चालते. त्या चालण्यातून ती अंड्याचा आकार जोखते आणि आत किती अंडी घालायची ते ठरवते. तीन-चार दिवसांत कार्ड काळं पडायला लागतं. तिच्या यजमानांची यादी लांबलचक असते ती अशी.

पण यादी लांब दिसते तेव्हा ती एकाच जातीची आहे का, हे आधी बघावं. आपल्याकडच्या ट्रायकोग्रामाला कित्येक वर्षं दुसऱ्याच जातींची नावं चिकटलेली होती. सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा या कीटकशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की नराच्या जननेंद्रियावरून जाती खात्रीनं ओळखता येतात. पुढं कोस्टा रिकात अळ्यांतून निघालेल्या एका गटाच्या माश्यांची डीएनए तपासणी झाली. २००८ मध्ये १७१ समजलेल्या जातींच्या ३१३ निघाल्या. बहुतेकींचे यजमान एक किंवा दोनच. ‘काहीही चालतं’ वाटणाऱ्या माशीत पुष्कळदा अनेक चोखंदळ माश्या दडलेल्या असतात.

मला यातलं सगळ्यात बोलकं वाटतं ते केनियातलं प्रकरण. ज्वारी-मक्याला लागणारा आशियातला खोडकिडा, कायलो पार्टेलस, विसाव्या शतकात आफ्रिकेत पोचला. त्याच्या मागावर कोटेशिया फ्लॅविपस ही छोटी आशियाई माशी नेऊन १९९३ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर सोडली. कायलोवर तिचा जम बसला. पण तिथला देशी खोडकिडा बुसिओला समोर आला की ती त्याच्यातही अंडी घालते आणि ती सगळी मरतात. तिला फरक कळतच नाही. तिची आफ्रिकी चुलत बहीण कोटेशिया सेसामी मात्र दुहेरी निघाली. केनियाच्या आतल्या उंच भागातली बुसिओलात वाढते, किनाऱ्यावरची वाढत नाही. जात एकच! या माश्या अंड्यांबरोबर एक विषाणूही टोचतात. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी तो त्यांच्या पूर्वजांच्या जनुकांत मिसळून गेला आणि आता अळीच्या रक्तपेशींना तोच निकामी करतो. दोन्ही भागांतल्या माश्यांत या विषाणूच्या एका जनुकाची रूपं वेगळी सापडली. म्हणजे यजमान बदलायला नवी जातच लागते असं नाही.

हाच बदल उलट्या दिशेनं प्रयोगशाळेतही होऊ शकतो. पिढ्यानुपिढ्या कोर्सायराच्या बारक्या अंड्यांत वाढलेल्या ट्रायकोग्रामाला शेतातल्या अंड्यांची ओढ कमी होऊ शकते. म्हणून माश्या वाढवणारे अधूनमधून शेतातली अंडी आणून त्यांवर एक-दोन पिढ्या काढून घेतात, मगच पुन्हा कोर्सायराकडं वळतात.