हँडल थरथरतं की गाडी डुलते?

मोटरसायकलबद्दल ‘हायवेला गाडी हलते’ एवढंच सांगितलं, तर बऱ्याच गॅरेजमध्ये पाना थेट कोन सेटवर, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या वाट्या-छऱ्यांच्या बेअरिंगवर जातो. कधी त्रास जातो, कधी आणखी वाढतो. कारण हलण्याचे प्रकार दोन, आणि एकावरचं औषध दुसऱ्याला बाधतं.

थरथर, म्हणजे वॉबल, पुढच्या टोकाची. हँडल सेकंदाला चार ते दहा वेळा डावी-उजवीकडे हलतं, मागचा भाग मात्र बऱ्यापैकी सरळ चालतो. बहुधा ॲक्सिलरेटर सोडून गाडी ताशी 80 किमीवरून 60 कडे येत असताना किंवा पुलाच्या जॉइंटवरून गेल्यावर ती सुरू होते. डुलणं, म्हणजे वीव्ह, अख्ख्या गाडीचं. सेकंदाला दोन-तीन हेलकावे, तेही हातापेक्षा सीटखाली जास्त जाणवतात. वेग वाढवला की वाढतात, लांब वळणावर तर हमखास.

काहीही उघडण्याआधी हवा बघा, टायर थंड असताना आणि गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे. कमी हवेने दोन्ही प्रकार होतात.

थरथरीत पहिला संशय कोन सेटवर. गाडी मेन स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागे दाबायला सांगून पुढचं चाक अधांतरी करा. फोर्क खालून धरून पुढे-मागे ढकला आणि दुसऱ्या हाताचं बोट खालच्या टी (फोर्कचे दोन्ही पाय धरणारा जोड) आणि चासीच्या सांध्यावर ठेवा. ‘टक’ जाणवलं तर सेट ढिला. मग हँडल हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर वाट्यांवर छऱ्यांचे खड्डे पडलेत. आवळून उपयोग नाही. वाट्या, छरे सगळा सेट बदलायचा आणि ग्रीस भरायचं. बसवताना प्ले, म्हणजे ढिलेपणा, संपेपर्यंतच आवळा. चाक अधांतरी असताना मध्यावरून हलकी टिचकी मारली की हँडल आपोआप टोकाला पडायला हवं. वरचा नट आवळला की दाब पुन्हा वाढतो, म्हणून तपासणी त्यानंतर परत करा. जास्त आवळलेल्या सेटने गाडी स्वतःहून सरळ होत नाही. हळू चालवतानाही इकडेतिकडे भरकटते, आणि मालकाला वाटतं मागचं काहीतरी गेलं.

कोन सेट ठीक असेल तर पुढच्या टायरवर तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागला, तर पायऱ्या पडल्यात. रिमचा आउट, म्हणजे फिरताना होणारा वाकडेपणा, बहुतेक मॅन्युअलमध्ये 2 मिमीपर्यंतच चालतो. बॅलन्सिंगही करून घ्या.

डुलणाऱ्या गाडीत मागून सुरुवात. पहिली चाचणी फुकटची: डिक्की, बॅगा उतरवून तोच रस्ता, तोच वेग. डुलणं थांबलं तर दोष सामानाच्या जागेचा. मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं, उंच डिक्की वारा झेलते. जड सामान ॲक्सलच्या पुढे, खाली आणा. शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, वाढवा, दोन असतील तर दोन्हीकडे सारख्याच खाचेवर.

सामानाशिवायही डुलते? मागचं चाक उचलून चाक नव्हे, चिमट्याचं (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचं) टोक धरून आडवं हलवा. हललं तर चिमट्याचे बुश गेलेत किंवा पिव्हटचा (चिमटा ज्यावर वर-खाली होतो त्या बोल्टचा) नट ढिला आहे. चिमटा गप्प आणि चाक हलतंय, तर चाकाचे बेअरिंग. चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. मधोमध चपटा झालेला मागचा टायर सरळ रस्त्यावर गप्प बसतो आणि वळणावर डुलवतो, तो बदलायचाच.

चालू गाडीत यातलं काही झालं तर हँडल आवळून धरू नका, एकदम ब्रेक मारू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, अंग पुढे झुकवा, ॲक्सिलरेटर सावकाश कमी करा.

राहिला स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलची हालचाल मंद करणारा छोटा शॉकअप. तो थरथर दाबतो, पण जास्त वेगात डुलण्याला उलट मोकळं रान देतो. चिमट्याचे बुश झिजलेल्या गाडीवर तो बसवणं म्हणजे पैसे देऊन दुखणं वाढवणं.