प्रकाशाला मागे टाकायचं, पण रूळ कोण टाकणार?

इंजिन अजून दमदार बनवलं की एक दिवस प्रकाशाच्या पुढे जाऊच असं खूप जणांना वाटतं, मलाही शाळेत तसंच वाटायचं, पण जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेतल्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कण पळवून आदळवणाऱ्या यंत्राचे आकडे बघितले आणि प्रश्न इंजिनाचा नाहीच हे डोक्यात पक्कं बसलं.

तिथे 27 किलोमीटरच्या गोल बोगद्यात प्रोटॉन पळवतात. आत सोडताना प्रोटॉनची एनर्जी 450 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांची एनर्जी मोजायचं एकक) असते, आणि तेव्हाच तो प्रकाशापेक्षा सेकंदाला फक्त 650 मीटरच्या आसपास मागे असतो. मग एनर्जी 15 पटींहून जास्त वाढवून 6800 अब्जांवर नेतात. आता तो किती मागे? सेकंदाला साधारण 3 मीटर. म्हणजे निवांत सायकल चालवतो तेवढाच फरक! पण तो काही केल्या भरून निघत नाही, कारण वस्तुमान असलेल्या कुठल्याही गोष्टीला बरोब्बर प्रकाशाचा वेग द्यायचा तर अनंत एनर्जी लागते, हे आइन्स्टाइनने 1905 मध्येच सांगून ठेवलंय.

यातून पळवाट काढली ती मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन फिजिसिस्टने, 1994 मध्ये, तीही आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून, आणि मला ती फार सुंदर वाटते. यान पळवायचंच नाही, पुढचा अवकाश आकसायचा, मागचा फुगवायचा आणि मधल्या बुडबुड्यात यान आरामात बसलेलं. अवकाशातून जाताना प्रकाशाची मर्यादा आहे, खुद्द अवकाश ताणला जायला नाही, खूप दूरच्या गॅलेक्सी आपल्यापासून अशाच प्रकाशापेक्षा जोरात लांब जातायत.

घोडं अडतं निगेटिव्ह एनर्जीपाशी, म्हणजे रिकाम्या पोकळीपेक्षाही कमी, शून्याखालच्या एनर्जीपाशी, कारण असा बुडबुडा बनवायला तीच लागते. धातूच्या दोन प्लेट्स अगदी जवळ आणल्या की मधल्या पोकळीत तिचा इवलासा नमुना मिळतो, पण 1997 च्या एका हिशोबात बुडबुड्यासाठी ती दिसणाऱ्या अख्ख्या विश्वातल्या वस्तुमानाइतक्या एनर्जीपेक्षाही जास्त लागेल असं निघालं. पुढे डिझाइन बदलून लोकांनी हा आकडा खूप खाली आणला.

मला जास्त छळते ती दुसरी अडचण. बुडबुडा प्रकाशाच्या पुढे गेला की आतून सोडलेला सिग्नल त्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत पोचतच नाही, म्हणजे आतल्यांच्या हातात ना स्टिअरिंग ना ब्रेक. सगळी सोय वाटेवर आधीच करून ठेवायला हवी, रेल्वेचे रूळ टाकतात तशी, आणि ते टाकायला जाणारे मात्र प्रकाशापेक्षा हळूच जाणार. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी 4.24 प्रकाशवर्षांवर आहे, त्यामुळे पहिल्या खेपेला पृथ्वीवरच्या घड्याळाने सव्वाचार वर्षं तरी धरूनच चाला.