पान हिरवे, लोंबी पोचट: भात उष्णता कशी सोसते

काही ग्राहक भाताच्या लोंब्यांची जुडी हातात घेऊनच आमच्याकडे, म्हणजे बियाणे विकणाऱ्यांकडे, येतात. पान हिरवेगार, फुटवे भरपूर, पण लोंबी वाकलेलीच नाही. चिमटीत धरली तर निम्मे दाणे पोचट. संशय बियाण्यावर जातो, आणि बियाणे तपासायलाच हवे. पण आमचा पहिला प्रश्न वेगळा असतो: भात फुलोऱ्यात असताना ऊन कसे होते?

एरवी भाताचे रोप उन्हाला पुरून उरते. रंध्रांतून, म्हणजे पानांवरच्या बारीक छिद्रांतून, पाण्याची वाफ सोडून ते स्वतःला थंड ठेवते. ऑस्ट्रेलियातल्या रिव्हरिना भागात पारा 40 अंशांच्या आसपास जातो, तरी हवा कोरडी असल्याने लोंबी काही अंशांनी थंड राहते आणि दाणा धरतो. दमट हवेत मात्र वाफ नीट उडत नाही, अंगावरचा घाम सुकू नये तसे होते. म्हणून नुसता पारा बघून अंदाज बांधू नका.

पेशींच्या आतही धावपळ चालू असते. उष्णतेने प्रथिनांची घडी विस्कटते. ‘हीट शॉक प्रोटीन’ नावाची मदतनीस प्रथिने ती सावरतात आणि न सावरणारी मोडीत निघतात. ही मोडतोड झपाट्याने करणारा ‘टीटी1’ जनुक आफ्रिकी भातात सापडला, 2015 साली.

फुलाला मात्र एवढी उसंत नसते. भाताचे फूल एकदाच उघडते, बहुधा सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान, जेमतेम तासभर. तेवढ्या वेळात तापमान 35 अंशांच्या वर गेले तर परागकोष (परागांच्या पिशव्या) नीट फुटत नाहीत, कुक्षीवर (फुलाच्या मादी भागाच्या टोकावर) पुरेसे पराग पडत नाहीत. मग खत द्या की पाणी, तो दाणा रिकामाच. पोटरीत (लोंबी अजून पानाच्या आवरणात असताना), निसवण्याच्या म्हणजे लोंबी बाहेर पडण्याच्या नऊ-दहा दिवस आधीचा काळही असाच नाजूक.

लोंबी शेंड्याकडून खाली, काही दिवस फुलत जाते. त्यामुळे दोन दिवसांच्या लाटेत तिचा थोडा भागच पोचट होतो. सबंध लोंबी पांढरी पडून ओढताच सुटून आली, तर ते काम खोडकिड्याचे.

काही वाण ऊन अंगावर घेतात. आपले ‘नगीना 22’ त्यांतले जुने नाव. काही ऊन चुकवतात: एका रानटी भाताचा सकाळी लवकर फुलण्याचा गुण संशोधकांनी लागवडीच्या वाणात आणला आहे. ‘उष्णता सहन करणारे’ एवढेच कोणी सांगितले, तर ‘कोणत्या अवस्थेत?’ असे जरूर विचारा. आम्हालाही.

रात्रीचा उकाडाही महागात पडतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1979 ते 2003 च्या नोंदी तपासल्या, तेव्हा कोरड्या हंगामात रात्रीचे तापमान एका अंशाने वाढले की उत्पादन सुमारे 10 टक्क्यांनी घटलेले दिसले. दाणे भरताना उकाडा राहिला तर पिष्ट विरळ बसते, तांदूळ खडूसारखा पांढुरका होतो आणि भरडताना तुटतो.

बियाणे घ्यायला येताना पेरणीची तारीख सांगा. पाकिटावर 120 दिवस असतील तर फुलोरा साधारण नव्वदाव्या दिवशी येतो. तो कडक उन्हात सापडत असेल तर आपण वाण बदलू किंवा पेरणी मागेपुढे करू. आणि फुलोऱ्यात खाचर कोरडे पडू देऊ नका.