झिप फाइलमधील मालवेअर

झिप किंवा रार फाइलमध्ये (अनेक फाइली दाबून एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात) मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, असले तरी ती फाइल नुसती डाउनलोड केल्याने किंवा आतल्या फाइलींची यादी पाहिल्याने संगणकाला सहसा लागण होत नाही. झिपच्या अगदी शेवटी एक अनुक्रमणिका असते: नावे, आकार, तारखा, चेकसम (फाइल बिघडली नाही ना हे तपासण्याचा आकडा). यादी दाखवताना प्रोग्रॅम तेवढीच वाचतो. आतला कोड चालवणे दूरच, तो अनझिपही करत नाही. झिपला पासवर्ड असला तरी नावे बहुधा दिसतात, कारण अनुक्रमणिकेला कुलूप नसते.

यादीतल्या नावावर डबल-क्लिक केले की गोष्ट बदलते. ती फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये एक्स्ट्रॅक्ट होऊन तिथून उघडते आणि ईएक्सई (प्रोग्रॅमची फाइल) असेल तर सरळ चालते. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचा फाइलीचा प्रकार) मुळातच लपवत असल्याने ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ हे नाव ‘बिल.पीडीएफ’ एवढेच दिसू शकते.

मात्र आतली फाइल खरोखर निरुपद्रवी असूनही फसगत झाल्याचे उदाहरण आहे. 2023 मध्ये अशा फाइली उघडणाऱ्या विनरार या प्रोग्रॅममधील एक त्रुटी (नोंद क्रमांक सीव्हीई-2023-38831) उघड झाली. झिप किंवा रार फाइलमध्ये एक साधे चित्र आणि त्याच नावाचा फोल्डर ठेवलेला असे. नावाच्या शेवटी एक जागा मोकळी सोडलेली. फोल्डरमध्ये स्क्रिप्ट (संगणकाला दिलेल्या आज्ञांची फाइल) दडवलेली. वापरकर्ता चित्रावर क्लिक करी आणि विनरार स्क्रिप्ट चालवी. संशय येऊ नये म्हणून ती स्क्रिप्ट चित्रही उघडून दाखवी! शेअर आणि क्रिप्टोचे व्यवहार करणाऱ्यांवर हे जाळे टाकले गेले. 6.23 आवृत्तीत ही त्रुटी दूर झाली. पण विनरार स्वतःहून अपडेट होत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. जुनी आवृत्ती संगणकात वर्षानुवर्षे पडून राहते.

त्याआधी 2019 मध्ये विनरारमध्येच एस (ACE) या झिपसारख्या जुन्या फॉरमॅटची त्रुटी सापडली. तिथे केवळ एक्स्ट्रॅक्ट केल्याने फाइल विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन पडे आणि पुढच्या लॉगिनला आपोआप चाले. एस फाइली उघडण्यासाठी वापरलेली लायब्ररी (तयार कोडचा संच) 2005 पासून अद्ययावत झालेली नव्हती आणि तिचा सोर्स कोडही विनरारकडे नव्हता, म्हणून 5.70 मध्ये एसचा आधारच काढून टाकला.

क्वचित पाहावेही लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरस इंजिनात 2018 मध्ये अशी त्रुटी आढळली, की खास बनवलेली रार फाइल नुसती स्कॅन झाली तरी हल्लेखोराचा कोड चालू शकत होता. पहारेकऱ्याकरवीच घरफोडी म्हणायची ही. ‘42.झिप’सारखे झिप बॉम्ब मात्र लागण करत नाहीत. सुमारे 42 किलोबाइटची ती फाइल पूर्ण उलगडल्यास 4.5 पेटाबाइट होते आणि डिस्क किंवा स्कॅनर गुदमरतो.

मालवेअरचे अभ्यासक नमुने एकमेकांना पाठवताना झिपला ‘इन्फेक्टेड’ हा पासवर्ड देतात, म्हणजे वाटेतला अँटिव्हायरस ते खोडत नाही आणि चुकून क्लिक होण्याची भीतीही कमी होते. हल्लेखोर हीच युक्ती उलटी वापरतात: कुलूपबंद झिप जोडतात आणि पासवर्ड ईमेलच्या मजकुरातच लिहून देतात.